उभा कापलेला खड्डा

दादांनी स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं, चष्मा काढून बनियनला पुसला, परत घातला आणि म्हणले, "सगळं चांगलंय बाई, पण ह्याच्यात खड्डा कुठंय?"

मी आयुष्यातलं पहिलं प्रेझेंटेशन केलं होतं, अकरा स्लाईडचं, विषय शोषखड्डा, आणि खरंच अकरा स्लाईडमधी खड्डा कुठंच नव्हता.

जरा मागून सांगते. मी हदगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. दाखले काढायचे, नमुना ८ च्या नोंदी करायच्या, रोजगार हमीचं मस्टर बघायचं हे रोजचं काम, त्यामुळं कॉम्प्युटरची भीती कधीच नव्हती, पण ते सगळं काम म्हणजे दुसऱ्यानं आखलेल्या चौकटीत आकडे भरायचं, कोऱ्या पानावर आपण स्वतः काही मांडायचं अशी वेळ कधी आलीच नव्हती. मग एक दिवस ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणले, गावातल्या राहिलेल्या घरांचे शोषखड्डे यंदा पूर्ण करायचेत, लोकांना ग्रामसभेत नीट समजावून सांगावं लागंल, आधी पंचायत समितीत दाखवायचं आणि मग गावात, तर ताई तुम्ही एक पीपीटी करा, दहा मिनिटांची. मी हो म्हणले. दादा म्हणजे माझे वडील, आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. ते गवंडी आहेत, पस्तीस वर्षं झाली थापी हातात घेऊन, आणि आमच्या गावात आजवर झालेल्या शोषखड्ड्यांतले निम्मेअर्धे त्यांच्याच हातचे. म्हणून पहिल्यांदा त्यांना दाखवलं.

शोषखड्डा हा आमच्या जिल्ह्याचा अभिमानाचा विषय आहे. आमच्या शेजारच्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे, त्या गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्याच बंद केल्या, आणि पुढं ह्या कामाला लोक नांदेड पॅटर्न म्हणायला लागले, कुणी मॅजिक पिट म्हणतं. जादू वगैरे काही नाही त्यात. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्यायचा, मधोमध सिमेंटची छोटी टाकी बसवायची जिला वरच्या अंगाला चारी बाजूंनी एकेक छिद्र असतं, टाकीच्या भोवती दगड भरायचे, न्हाणीचं पाणी पाईपनं टाकीत सोडायचं, गाळ टाकीच्या तळाला बसतो, वरचं निवळ पाणी छिद्रातून बाहेर पडून दगडांतल्या फटींतून जमिनीत मुरतं. वरून झाकण. झालं.

आता हे मी एका दमात लिहिलं आणि तुम्ही वाचलंही, पण खरं सांगा, डोळ्यापुढं उभं राहिलं का? टाकीतलं पाणी नेमकं कुठून बाहेर पडतं, छिद्रं वरच कामून, दगड आधी का टाकी आधी? माझ्या पहिल्या पीपीटीत हेच सगळं असंच वाक्यांत लिहिलेलं होतं, आणि शब्द फार झाले असं वाटलं म्हणून मी त्याच्याभोवती चित्रं लावली होती. नळाखाली हसणारा एक निळा थेंब, डासावर लाल फुली, हात जोडलेलं शेतकरी कुटुंब, आणि शेवटच्या स्लाईडवर फटाक्यासारख्या चांदणीत "शोषखड्डा काळाची गरज". पूर्वी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधी क्लिप आर्टची, म्हणजे तयार चित्रांची लायब्ररीच असायची, ती २०१४ च्या शेवटाला बंद झाली, तेव्हापासून नेटवरून शोधून घालावं लागतं, मी चार तास शोधत बसले होते. रात्री दीड वाजला. मनापासून केलं होतं सगळं, आणि म्हणूनच दादांचा प्रश्न ऐकून घशाशी आवंढा आला.

पण प्रश्न बरोबर होता. थेंब हसत होता, पण तो जातो कुठं हे एकही चित्र सांगत नव्हतं.

"मंग फोटो लावू का?" मी विचारलं. माझ्या मोबाईलमधी झालेल्या कामांचे ढीगभर फोटो होते, काम झालं की फोटो काढून अपलोड करावंच लागतं. दादा म्हणले लाव की. आम्ही दोघांनी बसून चाळले. एकूण एक फोटोत काय होतं, तर अंगणाचा कोपरा, एक गोल झाकण आणि झाकणापाशी उभा राहिलेला घरमालक. खोदताना काढलेल्या फोटोत नुसता काळा चौकोन. दगड भरताना काढलेल्या फोटोत टाकी दिसत नाही, दगडच दिसतात. जे काही काम चाललंय ते सगळं जमिनीच्या पोटात, आणि कॅमेरा जमिनीच्या वर. कितीही भारी मोबाईल घेतला तरी खड्डा बाजूनं दिसणारच नाही, कारण बाजूला माती आहे.

तेव्हा दादा उठले, विटेचा एक तुकडा घेतला आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर चार रेघा मारल्या. आडवी रेघ म्हणजे जमीन. तिच्याखाली चौकोन. चौकोनात मधी उभट टाकी. टाकीच्या खांद्यापाशी दोन्हीकडं दोन ठिपके, बाजूनं गोळे गोळे, आणि वरच्या कोपऱ्यातून तिरपी येणारी एक जोडरेघ, तो पाईप. मला वाटतं वीस सेकंद लागले असतील. "उभा कापला न् बघितला तर असा दिसतंय," म्हणले. मी त्याचा फोटो काढून ठेवला, तो अजून माझ्याकडं आहे.

उभा कापून बघणं. इंजिनिअर लोकांच्या नकाशात सेक्शन म्हणून असतं तेच हे, अंदाजपत्रकाला जोडलेलं मी शंभरदा स्कॅन केलेलं आहे आणि एकदाही निरखून बघितलेलं नव्हतं. जे डोळ्याला दिसूच शकत नाही ते दाखवायला आकार लागतात, हे मला त्या फरशीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जुनी फाईल बाजूला ठेवली, नवी कोरी स्लाईड घेतली, इन्सर्टमधी जाऊन शेप्स उघडलं. आधी मी त्या यादीतून फक्त बाण आणि चांदण्या उचलल्या होत्या. ह्या वेळेला दादांचा फोटो शेजारी ठेवून बघितलं तर काय काय पाहिजे ते सगळं तिथं होतंच. आयत म्हणजे माती. त्याच्यावर दुसरा आयत म्हणजे खड्डा. टाकीला सिलिंडर, जुन्या आवृत्तीत त्यालाच कॅन म्हणायचे, त्याच्या डोक्यावर एक पिवळा ठिपका येतो, तो ओढला की वरचं तोंड पसरट किंवा चपटं होतं, हे मला आधी माहितीच नव्हतं. शिफ्ट दाबून धरलं की चौकोन अगदी समभुज येतो आणि रेघ अगदी सरळ. हे दादांना दाखवलं तेव्हा ते खूश झाले, कारण काटकोन धरणं हे गवंड्याचं पहिलं काम, गुण्या जवळ नसला तर दोरीनं तीन, चार आणि पाच फुटाचा त्रिकोण करून ते कोन धरतात, आणि इथं नुसतं एक बटण. आकार एका रेषेत लावायचं अलाइन दाखवलं तर म्हणले, "ही तर लाईनदोरी झाली." मी त्यांना शिकवायला बसले होते आणि त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला आधीच शब्द होता.

सगळ्यात जास्त वेळ दगडांनी घेतला. मी एक लंबगोल काढला, कंट्रोल डी मारत मारत चाळीस केले आणि ओळीनं रचले. दादा बघून म्हणले, "ही काय लाडवाची परात हाय का? दगूड असा नसतो. मोठा खाली, बारका वर, आन् मधी सांध सोड, सांध नसली तर पाणी कुठून जाईल?" म्हणजे चित्रातली रिकामी जागा ही रिकामी नव्हती, पाण्याची वाट होती. मग फ्रीफॉर्म घेऊन पाच वेडेवाकडे दगड हातानं काढले, त्यांच्याच कॉप्या लहानमोठ्या करून, वरच्या गोल बाणानं फिरवून फिरवून बसवल्या. हा कुठं, तो कुठं, दादा बोटानं दाखवायचे, मी माऊसनं नेऊन ठेवायची. दोन संध्याकाळी गेल्या त्याच्यात. एकदा सगळे दगड टाकीच्या पुढं आले आणि टाकी गडप झाली, मग सेंड टू बॅक शिकले. आणि एकदा हलवताना पाईप तिथंच राहिला, टाकी सरकली, तेव्हा सगळं निवडून कंट्रोल जी नं ग्रुप करायचं असतं ते शिकले. टाकी मी थोडी पारदर्शक ठेवली, फिलमधी ट्रान्स्परन्सी वाढवली, म्हणजे तळाचा गाळ आतून दिसेल. चार छिद्रं मात्र एका बाजूनं कधीच दिसणार नव्हती, मागचं टाकीच्या आड जाणार, म्हणून शेजारी दुसरं छोटं चित्र काढलं, वरून बघितलेलं, चौकोनात गोल आणि गोलाच्या चार बाजूंना चार बाण.

रंगाची एक गोष्ट. मी माती तपकिरी, दगड राखाडी, पाणी निळं असं छान केलं आणि ऑफिसच्या प्रिंटरवर काढून बघितलं तर सगळं सारखंच काळपट. आमच्याकडं रंगीत प्रिंट नाही, आणि गावात जे काय फिरतं ते झेरॉक्सवरच. पुढं वाचताना कळलं की पॉवरपॉईंटची पहिली आवृत्ती १९८७ ला मॅकिंटॉशसाठी आली ती काळीपांढरीच होती, तिच्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट छापायच्या, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती बनवणारी फोरथॉट नावाची कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांनी सुरुवात रंगाशिवायच केली होती. मी पण मग रंगावरचा भर काढला. पॅटर्न फिलमधून मातीला ठिपके दिले, खालच्या मुरमाला तिरप्या रेघा, दगड पांढरे ठेवून त्यांना जाड कड, पाण्याचे बाण ठळक काळे. काळी माती आणि मुरूम वेगळे दाखवणं आमच्याकडं फार गरजेचं आहे, कारण आपली मराठवाड्याची काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, लवकर मुरू देत नाही, खड्डा मुरमाला लागला तरच पाणी झपझप खाली जातं. नुसतं "चार फूट" असं लिहिलं की लोक चार फूट मोजून थांबतात. रेघांचा पट्टा दिसला की विचारतात हे काय आहे.

आता गोलांचं सांगते, ही चूक मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एका स्लाईडवर मला दाखवायचं होतं की नळ आल्यापासून सांडपाणी वाढलंय. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, त्याच्यात माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलेलं आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, आणि त्यातलं पिण्या-रांधण्याचं सोडलं तर बहुतेक पाणी न्हाणीतून, मोरीतून परत बाहेरच येणार. आमच्याच घरचा हिशोब घेतला. हापशावरून आणायचो तेव्हा दिवसाला आठ घागरी, आता नळाचं मोजलं तर सोळा घागरींच्या आसपास. दुप्पट. म्हणून मी एक गोल काढला आणि शेजारी त्याच्या दुप्पट रुंदीचा दुसरा गोल.

दादा म्हणले, "हे चुकलंय. दुप्पट नाही, हे चौपट दिसूलालंय."

मी म्हणले रुंदी बरोबर दुप्पट आहे, मोजून केलीय. ते म्हणले, "गोल टाकीचा घेर दुप्पट केलास तर पाणी चौपट मावतंय, उंची तेवढीच ठेवली तरी. एवढ्या टाक्या बांधल्यात मी." मी शाळेत पायआरस्क्वेअर पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं होतं, मार्क पण मिळवले होते, आणि तरी माझ्या हातानं काढलेला गोल लोकांना खोटं सांगत होता. गोल वापरून खरं दुप्पट दाखवायचं तर रुंदी साधारण १.४१ पट करावी लागते, आणि तशी केली की डोळ्याला ती दुप्पट वाटतच नाही, असं दोन्हीकडून अडतं. मग गोल काढूनच टाकले. त्यांच्या जागी घागर केली, खाली लंबगोल, वर गळ्याला छोटा आयत, काठाला चपटा लंबगोल, तिन्ही निवडून मर्ज शेप्समधलं युनियन दाबलं की एकजीव आकार होतो. एका ओळीत आठ घागरी, खालच्या ओळीत त्याच मापाच्या सोळा. त्या पुढं कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

ह्यावर नंतर शोधत गेले तर ओटो न्यूराथ म्हणून एका माणसाबद्दल वाचायला मिळालं. व्हिएन्नात १९२५ ला त्यानं एक म्युझियम काढलं, साध्या कामगार माणसांना घरं, रोगराई, मजुरी ह्यांचे आकडे समजावेत म्हणून, आणि पुढं ह्या पद्धतीला आयसोटाईप नाव पडलं. त्याचा मुख्य नियम हाच, की जास्त दाखवायचं तर चित्र मोठं करायचं नाही, त्याच मापाची चित्रं जास्त काढायची. मला फार भरून आलं हे वाचून. शंभर वर्षांपूर्वी तिकडं कोणीतरी हाच विचार करत बसलं होतं की ज्याला आकडे वाचायची सवय नाही त्याला खरं खरं कसं दाखवावं, आणि आमच्या ओट्यावर एक गवंडी तेच बोलत होता.

डासाची स्लाईड पण बदलावी लागली. मी लिहिलं होतं की नाल्या बंद झाल्या की डेंग्यू जाईल. आमच्या आरोग्य सेविका ताई म्हणल्या, असं लिहू नका, डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, रांजणात, टाकीत, टायरात, नालीतल्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स, तो हत्तीरोग पसरवतो. शोषखड्ड्यानं क्युलेक्सची जागा जाते, एडिससाठी रांजण दर आठवड्याला घासून कोरडा करावाच लागतो. फुली मारलेला एक डास काढून मी दोन घरं काढली, एकापुढं डबकं, दुसऱ्यात रांजण, आणि दोन्हींवर वेगवेगळे डास. लोकांना सांगायचं तर पूर्ण खरं सांगावं, अर्धं सांगून खड्डे झाले आणि ताप तसाच राहिला तर उद्या आमच्यावर कोण विश्वास ठेवील.

पंचायत समितीतलं फार लांबवत नाही. तिथल्या कॉम्प्युटरवर माझा मराठी फॉन्ट नव्हता, मी सवयीनं जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाईप केलं होतं, त्यामुळं शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचका आला. पोटात गोळा आला माझ्या. आकार मात्र जिथल्या तिथं होते, घागरी होत्या, खड्डा होता, मी बोलत बोलत दहा मिनिटं काढली. घरी येऊन सगळं युनिकोडमधी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा पद्धतीत, परत टाईप केलं, आणि ज्यांना जमेल त्यांनी पहिल्यापासून युनिकोडच वापरावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गावातली ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. प्रोजेक्टर शाळेचा, पडदा म्हणजे पांढरी चादर. अ‍ॅनिमेशन मी एवढंच ठेवलं होतं की एक क्लिक, एक काम, ज्या क्रमानं दादा बांधतात त्याच क्रमानं. आधी रिकामा खड्डा. मग तळाचे मोठे दगड. मग टाकी. मग भोवतीचे दगड, त्यांना वाइप दिलं होतं, खालून वर, म्हणजे भरत गेल्यासारखे दिसतात. मग पाईप, झाकण आणि शेवटी पाण्याचे बाण. क्लिक मी करत होते आणि बोलत दादा होते. आधी ठरलेलं नव्हतं तसं, मी दोन वाक्यं बोलले आणि पुढं काय आलं ते बघून दादाच मागून बोलायला लागले, मग उठून चादरीपाशीच गेले, हातात लाईनदोरीचा खुंटा होता, त्यानं दाखवत दाखवत. पडद्यावरच्या दगडांचा उजेड त्यांच्या शर्टावर पडत होता.

मधीच मागून एक आजी म्हणल्या, "आरं पण भोकं वर कामून ठेवलीत? बुडाला ठेवली तर सगळं पाणी निघून जाईल की." अकरा स्लाईडच्या पहिल्या पीपीटीवर हा प्रश्न कोणी विचारूच शकलं नसतं, कारण त्यात भोकंच नव्हती. दादा म्हणले, "मावशी, बुडाला गाळ बसतोय, भोकं खाली असली की चार महिन्यात बुजतील." मी परत मागच्या क्लिकवर गेले, टाकीतला गाळ दाखवला, त्या पुढं येऊन वाकून बघून गेल्या आणि जागेवर बसताना शेजारणीला म्हणल्या, तरीच आपली नाली तुंबतेय.

त्या सभेनंतर दादांनी मला त्या उभ्या चित्राची प्रिंट मागितली. नवीन घरी काम घेतलं की ते आधी ती दाखवतात, मग फक्की टाकून खड्डा आखतात. कागद थापी आणि ओळंब्याच्या पिशवीत घडी करून असतो, सिमेंट लागतं, पाणी लागतं, दोन प्रिंट आतापर्यंत गेल्या. परवा तिसरी काढायला म्हणून फाईल उघडली तर दादा मागं येऊन उभे राहिले. म्हणले, "झाकणाला कडी काढ. कडी नसली की लोकं झाकण सिमेंटनं बसवूलालेत, मंग गाळ कोण काढंल."

बरोबर होतं. मी ब्लॉक आर्क घेतला, पिवळा ठिपका ओढून त्याला बारीक केलं, झाकणावर मधोमध ठेवला, अलाइन केला, ग्रुप केला आणि प्रिंट दिली.